ऑपरेशननंतर पाय सुजला, पोटरी दुखतेय: घरच्यांनी काय पाहायचं, काय करायचं

मोठं ऑपरेशन पार पडलं, टाके निघाले, पेशंट घरी आला की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. नाशिक-मुंबईच्या फेऱ्या थांबतात, मुलं कामावर परततात, आता फक्त आराम असं सगळे धरून चालतात. पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका मात्र डिस्चार्जच्या कागदाबरोबर संपत नाही. ऑपरेशननंतरचा पहिला महिना त्यासाठी सगळ्यात जोखमीचा. तिसऱ्या आठवड्याच्या आसपास हा धोका सर्वांत जास्त असतो आणि पुढे १२ आठवड्यांपर्यंत पुरता ओसरत नाही. म्हणजे पेशंट नर्सच्या नाही, तर सुनेच्या, मुलाच्या, बायकोच्या नजरेखाली असतो, नेमका त्याच काळात.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. जळगाव-भुसावळ पट्ट्यात घरोघर जाऊन गुडघ्याच्या, खुब्याच्या, बायपासच्या पेशंटना पुन्हा चालतं करणं हे माझं काम. जवळपास प्रत्येक घरात एक प्रश्न येतोच: "मॅडम, पाय सुजलाय, एवढं चालतं ना?" बहुतेक वेळा उत्तर असतं, हो, चालतं. कधीकधी उत्तर असतं, गाडी काढा, आत्ता निघा. या दोन उत्तरांतला फरक घरच्या माणसाला ओळखता यावा, एवढ्यासाठी हे लिहिते आहे. तुमच्या सर्जननं काही वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका. पेशंटचं पोट किंवा छाती त्यांनी उघडून पाहिलेली असते, मी नाही.

सूज कुठून आली, ते आधी समजून घ्या

बायपास झालेल्या माणसाचा एकच पाय का सुजतो, याचं घरच्यांना फार कोडं पडतं. "ऑपरेशन छातीचं, मग पाय का?" हृदयाला नवी वाट करून द्यायला बहुतेकदा पायातलीच एक लांब शीर काढून घेतात. ती घोट्याच्या आतल्या बाजूनं वर मांडीपर्यंत जाते. ती निघाली की पायातलं रक्त उरलेल्या शिरांनी वर न्यायचं असतं, आणि त्यांना त्याची सवय व्हायला वेळ लागतो. त्यामुळे त्या पायाचा घोटा आणि पोटरी काही आठवडे, कधी दोन-तीन महिने संध्याकाळी फुगते. टाक्यांच्या आजूबाजूला, घोट्याच्या आतल्या अंगाला बधिरपणा किंवा मुंग्या येतात. हे अपेक्षित आहे. रात्रभर पाय वर ठेवून झोपलं की सकाळी सूज बरीच उतरलेली दिसली पाहिजे.

गुडघा बदललेल्यांचा पाय तर सुजतोच. गुडघ्याभोवती गरमपणा, काळंनिळं पडणं, ते निळेपण हळूहळू पोटरीत आणि घोट्यापर्यंत उतरणं, हे पाहून घरचे घाबरतात. पण सांडलेलं रक्त आपल्या वजनानं खाली सरकत असतं. ही सूज तीन ते सहा महिने कमी-जास्त होत राहते. खुब्याच्या ऑपरेशनचंही थोडंफार असंच.

पोटाचं मोठं ऑपरेशन, गर्भपिशवी काढणं, सिझेरियन यानंतर दोन्ही पाय सारखे सुजले, बोटानं दाबल्यावर खड्डा पडतोय, तर बहुधा सलाईनचं साठलेलं पाणी, कमी पडलेलं प्रथिन आणि बसून राहणं ही कारणं असतात. रक्तदाबाच्या ॲम्लोडिपीनसारख्या गोळीनंही दोन्ही घोटे सुजतात. मात्र दोन्ही पायांची सूज रोज वाढत चाललीय, आडवं झालं की दम लागतो, लघवी कमी होतेय, वजन एका दिवसात किलोभर किंवा आठवड्यात दोन किलोच्या वर गेलंय, तर ते हृदयाचं किंवा किडनीचं लक्षण असू शकतं. हृदयाच्या पेशंटच्या घरात वजनकाटा हवाच, आणि रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, खाण्याआधी वजन लिहायला हवं.

जखमेतला जंतुसंसर्ग हे आणखी एक कारण. त्यात टाक्यांजवळची लाली पसरत जाते, पाणी किंवा पू येतो, थंडी वाजून ताप येतो. डायबेटिस असेल तर ताप फारसा न येताही आत पू होऊ शकतो, म्हणून ड्रेसिंगच्या दिवशी जखम स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. फक्त कंपाउंडरनं पाहिली म्हणून सोडू नका.

आणि या सगळ्यांच्या गर्दीत एक गुठळी लपलेली असू शकते.

रोज सकाळी पाच मिनिटं द्या

शिंप्याकडचा मापाचा फीत, बॉलपेन आणि एक वही घ्या. गुडघ्याच्या वाटीखाली नडगीवर हाडाचा एक उंचवटा हाताला लागतो. त्याच्या खाली १० सेंटिमीटरवर दोन्ही पायांवर पेनानं खूण करा. पेशंट उठण्याआधी, पाय सैल ठेवून, त्या खुणेवर दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजा आणि तारखेपुढे लिहा. आंघोळीत खूण पुसली तर पुन्हा करा, पण जागा तीच हवी. फीत आवळायची नाही, कातडीला नुसती टेकवायची.

दोन पोटऱ्यांत ३ सेंटिमीटरहून जास्त फरक असेल तर डॉक्टर गुठळीचा संशय गंभीरपणे घेतात. गुडघा बदललेला पाय किंवा बायपासला शीर काढलेला पाय मुळातच थोडा जाड असतो, त्यामुळे तिथे आकड्यापेक्षा आकड्याची चाल महत्त्वाची. काल-परवापर्यंत एक सेंटिमीटरचा फरक होता आणि आज एकदम तीनचा झाला, किंवा ज्या पायाला सुरीही लागली नव्हती तो सुजला, तर वही घेऊन निघायचं.

माप झालं की उलट्या हातानं, म्हणजे तळहाताच्या पाठीनं, दोन्ही पोटऱ्या स्पर्शून पाहा. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर लाली सहज दिसत नाही. लाली शोधत बसाल तर फसाल, ऊब मात्र हाताला कळते. मग पोटरी मागून हलकेच दाबून विचारा, कुठे खुपतंय का. दाब अगदी हलका. तपासायचं आहे, चोळायचं नाही. शेवटी पावलं पाहा: रंग, ऊब, बोटं हलतात का. पाऊल एकदम गार, पांढरट किंवा निळसर पडलं, बधिर झालं आणि असह्य दुखायला लागलं तर रक्तपुरवठाच अडलेला असू शकतो. तिथे तासाचं गणित असतं, दिवसाचं नाही.

गुठळीचा पाय कसा दिसतो

सहसा एकच पाय. सूज पोटरीत किंवा पूर्ण मांडीपर्यंत. रात्रभर पाय वर ठेवूनही सकाळी उतरत नाही. पोटरीत गोळा आल्यासारखं दुखतं, उभं राहिल्यावर किंवा चालताना वाढतं. कातडी ताणलेली, चकचकीत, कोमट. कधी वरच्या शिरा फुगून दिसतात. अडचण अशी की कितीतरी वेळा यातलं काहीच दिसत नाही. गुठळी निमूट असते आणि तिचा तुकडा सुटून फुप्फुसात गेल्यावरच कळतं. म्हणून दुखत नाही, म्हणजे काही नाही, असं धरू नका. ज्यांना आधी कधी गुठळी झाली आहे, ज्यांचं कॅन्सरचं ऑपरेशन आहे, वजन फार आहे, वय साठीच्या पुढे आहे, किंवा खुब्याचं हाड मोडून ऑपरेशनआधीही बरेच दिवस पडून होते, त्यांच्याबाबतीत डोळ्यांत तेल घालून पाहा.

घोट्याला झटका देऊन पोटरी दुखली तर गुठळी, नाहीतर नाही, ही जुनी चाचणी अजून काहीजण करतात. तिच्यावर विसंबू नका. खरी तपासणी म्हणजे पायाच्या शिरांची कलर डॉप्लर सोनोग्राफी. सुई नाही, दुखत नाही, अर्ध्या तासात होते. तालुक्याच्या प्रत्येक सोनोग्राफी सेंटरवर शिरांचा डॉप्लर होतोच असं नाही, त्यामुळे डिस्चार्जच्या आठवड्यातच फोन करून विचारून ठेवा: यावल, चोपडा, साक्री, तळोदा, जिथे राहता तिथून सगळ्यात जवळ डॉप्लर कुठे होतो, रविवारी होतो का, संध्याकाळी किती वाजेपर्यंत. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांच्या ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, तेही लक्षात असू द्या. डी-डायमर नावाची रक्ततपासणी ऑपरेशननंतर गुठळी नसतानाही वाढलेली येते. तिचा आकडा पाहून घरी तर्क करत बसू नका.

पायाचा संशय आला तर त्याच दिवशी डॉक्टर. उद्या बाजाराचा दिवस आहे, परवा पोरगा पुण्याहून येतोय, असं नाही. मोटारसायकलवर मागे बसवून नेऊ नका, पाय लोंबकळत ठेवून एसटीनंही नाही. चारचाकीत मागच्या सीटवर पाय आडवा ठेवून न्या.

आणि पुढचं काहीही झालं तर डॉप्लर वगैरे विसरून थेट १०८: अचानक दम लागणं, खोल श्वास घेताना छातीत कळ येणं, खोकल्यातून रक्त, छातीत धडधड, चक्कर येऊन पडणं, ओठ निळसर दिसणं. पेशंटला पाठीला टेकू देऊन बसतं ठेवा, चालवू नका, गॅसची गोळी देऊन वाट पाहू नका. "पित्त झालं असेल, ताक दे" यात जो अर्धा तास जातो तो फार महागडा असतो. धडगाव, मोलगी, तोरणमाळच्या बाजूला पाड्यावर घर असेल, तर माझा आग्रह आहे की पहिले दोन-तीन आठवडे पेशंटला नंदुरबार किंवा शहाद्याला नातेवाइकाकडे ठेवा. घरच्या अंगणाची ओढ मला समजते, पण रात्री घाट उतरून गाडी येईपर्यंत थांबायची वेळ येऊ नये.

तेल, शेक आणि चोळणं

याच्यावर मला थोडं जास्त बोलायचंय, कारण इथे माझं सगळ्यात जास्त भांडण होतं, आणि तेही अतिशय मायाळू माणसांशी.

आपल्याकडे दुखणाऱ्या पायाला हात लावणं म्हणजे सेवा. "पोटरी दुखस, तेल लाई दे" असं आजी म्हणाली की नातसून वाटीत तेल कोमट करून बसते. कुणी मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करतं, कुणी एरंडाचं पान बांधतं, कुणी गावातल्या पाय मोडणाऱ्या माणसाला बोलावतं, जो शिरा "मोकळ्या" करून देतो. मोठ्या ऑपरेशननंतर पहिले तीन महिने यातलं काहीही पोटरीवर आणि मांडीवर करायचं नाही. पोटरीत गुठळी असेल तर दाबून चोळल्यानं ती सुटून रक्ताबरोबर फुप्फुसात जाऊ शकते. ती आहे की नाही, हे हाताला कळत नाही, चोळणाऱ्याचा हात कितीही जाणता असो. शेकामुळे बधिर कातडी भाजते, आणि डायबेटिसच्या पावलाला पडलेला फोड भरायला महिने लागतात. लेपाखाली टाके झाकले गेले की जखमेचं काय चाललंय ते दिसत नाही.

घरातल्या वडीलधाऱ्यांना हे सांगायचं कसं, हा खरा प्रश्न. "हे अडाणी आहे" असं म्हणू नका, ते नाही ऐकणार आणि त्यांचं मनही दुखेल. जिजींना, आप्पांना दुसरं काम द्या. पाय वर ठेवायच्या उशा नीट करणं, तासातासाला पंजा हलवायची आठवण करणं, मापाची वही सांभाळणं. सेवा करायची त्यांची इच्छा खरी असते, तिला वाट हवी. डोकं, खांदे, हात दाबून द्यायला काही हरकत नाही. टाके सुकल्यावर व्रणाभोवती बोटानं करायचा मसाज वेगळा, तो डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट कधी आणि कसा करायचा ते दाखवतात.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर शेकाऐवजी बर्फ. पातळ कापडात गुंडाळून १५-२० मिनिटं, थेट कातडीवर नाही. पायाला संवेदना कमी असेल तर आधी विचारून.

पाय वर, पंजा चालू

पाय वर ठेवणं म्हणजे स्टुलावर ठेवणं नव्हे. खुर्चीत बसून समोर स्टूल घेतलं तरी पाय छातीच्या खालीच राहतो. आडवं झोपून, पोटरीखाली उशा रचून, टाच छातीच्या पातळीच्या वर येईल इतका. दिवसातून तीन-चार वेळा, २०-३० मिनिटं. टाच हवेत मोकळी, नाहीतर टाचेला पलंगाची जखम होते. गुडघा बदललेल्यांनी नुसत्या गुडघ्याखाली उशी ठेवून झोपायचं नाही. आराम वाटतो खरा, पण गुडघा वाकलेलाच आखडतो आणि मागची शीरही दबते. हृदयाच्या पेशंटला पाय वर केल्यावर दम लागत असेल तर थांबा आणि कळवा.

बाजेवर किंवा पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून बसणं हे सुजेचं मोठं कारण, आणि त्याचं मूळ आहे भेटायला येणारी माणसं. आपल्या भागात आजाऱ्याला पाहायला सगळी भाऊबंदकी येते. येणारा अर्धा तास बसतो, तो गेला की दुसरा, आणि पेशंट बिचारा मानानं उठून बसलेला, बाजेची कड मांडीखाली रुतलेली, पाय लोंबते. संध्याकाळी पाय भोपळ्यासारखा. पाहुण्यांना सरळ सांगा: "आबा झोपूनच बोलतील, डॉक्टरांनी सांगितलंय." डॉक्टरांचं नाव घेतलं की कुणाला राग येत नाही.

पोटरीचे स्नायू आवळले की ते शिरांतलं रक्त वर ढकलतात. चालताना हे आपोआप होतं, पडून असताना मुद्दाम करावं लागतं. पंजा आपल्याकडे ओढा, मग पुढे ताणा, दोन्ही बाजूंना पूर्ण. जागं असताना दर तासाला दहा-पंधरा वेळा. गुडघा पलंगावर दाबून मांडी आवळायची, पाचपर्यंत मोजायचं, सोडायचं. टीव्हीवर मालिका लागली की प्रत्येक जाहिरातीत पंजा हलवायचा, असं मी ठरवूनच देते, कारण तासाचा हिशेब कुणाच्या लक्षात राहत नाही.

चालणं थोडं-थोडं आणि पुन्हापुन्हा. एकदम गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आल्यावर दिवसभर पडून राहण्यापेक्षा, घरातल्या घरात पाच-पाच मिनिटं सहा-सात वेळा हे कितीतरी चांगलं. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा बाहेरचं चालणं सकाळी सातच्या आत आटपा. सुरुवातीला चाललं की सूज थोडी वाढते, ते ठीक. पाय वर ठेवल्यावर उतरायला हवी. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उतरली नाही तर चालणं जास्त झालं असेल किंवा काहीतरी वेगळं असेल, वहीतलं माप पाहा.

मोजे आणि क्रेप बँडेज

दाबाचे मोजे डॉक्टरांनी लिहून दिले असतील तरच, आणि पायाचं माप देऊनच घ्या. मेडिकलवाल्याकडे अंदाजानं "मीडियम" मागू नका. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी, सूज उतरलेली असताना घालायचे. वरची कड दुमडली तर तीच पट्ट्यासारखी आवळते, म्हणून दुमडायचे नाहीत. रोज एकदा काढून पाय धुवा, कोरडा करा, टाच आणि घोट्याची हाडं तपासा. उन्हाळ्यात मोज्याच्या आत घामोळं आणि फोड येतात. ते दिसले तर मोजे बंद करून विचारा. घाम येतो म्हणून अर्धे खाली सरकवून ठेवणं सगळ्यात वाईट. क्रेप बँडेज बांधायचं असेल तर बोटांच्या मुळापासून वर, खाली थोडं घट्ट आणि वर सैल. उलटं बांधलं तर पाऊलच सुजतं.

पायाला रक्तपुरवठा कमी असलेल्यांनी, म्हणजे चालताना पोटऱ्या भरून येतात, पाऊल गार पडतं, नाडी लागत नाही, अशांनी हे मोजे डॉक्टरांनी तपासल्याशिवाय मुळीच घालू नयेत. डायबेटिस आणि विडी-तंबाखू जुनी असेल तर हे आवर्जून सांगा.

घरी येतानाचा प्रवास आणि पुढच्या फेऱ्या

आपली मोठी ऑपरेशनं बरीचशी बाहेर होतात. कुणी मुंबईला, कुणी नाशिकला, नंदुरबार-नवापूरकडचे सुरतला, चाळीसगावचे संभाजीनगरला. मुंबईहून जळगाव रेल्वेनं सुमारे ४२० किलोमीटर, म्हणजे दिवसाचा मोठा भाग बसून. कुठल्या दिवशी निघायचं आणि वाटेत रक्त पातळ करणारं इंजेक्शन द्यायचं का, हे डिस्चार्जच्या वेळीच विचारा. रेल्वेत खालचा बर्थ घ्या आणि आडवं येऊ द्या. तासा-दीड तासानं उठवून डब्यात दोन-चार पावलं, तेही जमत नसेल तर पंजा हलवणं. कारनं येत असाल तर दर तासाभरानं थांबा. कन्नड घाटात गाड्या अडकल्या की किती वेळ जाईल ते सांगता येत नाही, म्हणून पाणी, औषधं आणि पाय टेकवायला उशी हाताशी असू द्या. मागच्या सीटवर पाय लांब करता येतील एवढी जागा पेशंटसाठी मोकळी ठेवा. सामान डिकीत, आणि सोडायला आलेले पाहुणे दुसऱ्या गाडीत.

पाणी, मीठ, ताट

उन्हाळ्यात पाणी कमी पडलं की रक्त घट्ट होतं आणि गुठळीला आयतं निमित्त मिळतं. लघवी फिकट राहील एवढं पाणी हवं. बायका, विशेषतः गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या, बाथरूमला उठायला नको म्हणून पाणी पीत नाहीत. त्यांच्या पलंगाशेजारी कमोड खुर्ची ठेवा, म्हणजे तांब्या रिकामा होईल. हृदयाच्या किंवा किडनीच्या पेशंटला पाण्याचं माप ठरवून दिलेलं असतं, ते पाळा.

मीठ फक्त भाजीत नसतं. उडदाचा पापड, बिबडे, कुरडया, लोणचं, शेवभाजीतली शेव, ठेचा, सगळ्यात भरपूर असतं. घरात म्हणतात की भाजी आळणीच केली होती, आणि ताटात कडेला दोन पापड असतात. सूज असेपर्यंत हे ताटाबाहेर. दादरची किंवा कळण्याची भाकरी, तूर-मुगाचं वरण, दही, चालत असेल तर अंडं, हे हवं. प्रथिन कमी पडलं की जखम भरत नाही आणि पायातलं पाणीही हटत नाही. पेशंटला नुसत्या भाताच्या पेजेवर ठेवू नका.

बाळंतीण आणि सिकलसेल

सिझेरियन हे मोठं ऑपरेशनच आहे. बाळंतपणानंतरचे सहा आठवडे एरवीही गुठळीचा धोका जास्त असतो, त्यात पोट उघडलेलं. दोन्ही पायांची सूज आठ-दहा दिवसांत उतरते. एकाच पायाची सूज, त्यातही डाव्या, आणि मांडीत किंवा जांघेत दुखणं, हे बाळंतपणाचं म्हणून सोडू नका. सव्वा महिना बाजेवर झोपवून ठेवायची पद्धत या बाबतीत तिच्या जिवावर उठू शकते. बाहेर जाऊ नको म्हणा, पण घरात फिरू द्या. बाजेखाली शेगडी असेल तर पाणी जास्त द्या.

पाळी पुढे ढकलायच्या किंवा इतर हार्मोनच्या गोळ्या ऑपरेशननंतरच्या काळात डॉक्टरांना न विचारता घेऊ नयेत. कानबाईचे रोट असोत की घरातलं लग्न. त्यातल्या काहींनी रक्त गोठण्याचा धोका वाढतो.

सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बऱ्याच घरांत आहे. या आजारात हातपाय एरवीही असह्य दुखतात, त्यामुळे ऑपरेशननंतरचं पायाचं दुखणं "नेहमीचंच" म्हणून मागे पडतं. पण सिकलसेलमध्ये गुठळीचा धोकाही जास्त असतो. कार्ड असेल तर ऑपरेशनआधी दाखवा, नंतर पाय दुखला तर पुन्हा दाखवा.

रक्त पातळ करणारं औषध

काहींना घरी आल्यावरही पोटावर टोचायचं इंजेक्शन किंवा गोळी दिलेली असते. खुब्याच्या सांध्याच्या बदलानंतर बहुधा ३५ दिवसांपर्यंत, पोटाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर साधारण चार आठवडे. पेशंट बरा दिसतोय, इंजेक्शन महाग आहे, म्हणून मधेच थांबवू नका. परवडत नसेल तर तसं स्पष्ट सांगा, डॉक्टर दुसरा पर्याय देऊ शकतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून ऑपरेशन झालं असेल तर त्याच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटून पुढच्या उपचारांचं काय ते विचारा.

इंजेक्शन बेंबीपासून दोन इंच सोडून, कातडीची घडी चिमटीत धरून. दिल्यावर जागा चोळायची नाही, निळं पडतं. ते फ्रीझरमध्ये ठेवू नका, आणि मे महिन्यात पत्र्याच्या खोलीतही नको. डब्यावर तापमान छापलेलं असतं, ते वाचून घरातली त्यातल्या त्यात गार जागा शोधा.

डॉप्लरमध्ये गुठळी सापडली तर ऑपरेशनमुळे झालेल्या गुठळीवर साधारण तीन महिने औषध चालतं. वॉरफेरिन किंवा ॲसिनोकुमॅरॉल असेल तर आयएनआरची, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी रक्ततपासणी ठरल्या वेळी करावीच लागते, आणि पालक, मेथी, पोकळा रोज साधारण सारख्याच प्रमाणात खायचा. एका आठवड्यात भाजीच नाही आणि पुढच्या आठवड्यात रोज मेथी, असं नको. नव्या गोळ्यांपैकी काही जेवणासोबतच घ्याव्या लागतात. तुमची कोणती, ते विचारून चिठ्ठीवरच लिहून घ्या, म्हणजे एकादशीला घोळ होत नाही. डोस चुकला तर दुप्पट घेऊ नका, फोन करून विचारा.

या औषधांवर असताना अंगदुखीची गोळी मेडिकलवरून स्वतःच्या मनानं घेऊ नका. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, ॲस्पिरीन यांनी रक्तस्राव वाढतो. काढे, भस्मं, गुडघ्यासाठी कुणी दिलेल्या पुड्या, सगळं डॉक्टरांना दाखवून. गावातल्या डॉक्टरांकडे तापासाठी गेलात तरी पहिलं वाक्य हे असावं: "पेशंट रक्त पातळ करायच्या गोळीवर आहे." नाहीतर सवयीनं कमरेत इंजेक्शन टोचलं जातं आणि आत रक्त साठतं. शौचाला डांबरासारखं काळं, लघवी लाल, हिरड्यांतून न थांबणारं रक्त, किंवा पडून डोक्याला मार लागला, मग टेंगूळही नसो, तर रुग्णालयात जायचं.

गोळी कधी थांबवायची याची तारीख डॉक्टर देतील. ती वहीत लिहा आणि त्याआधीच्या आठवड्यात भेट ठरवा. काही पाय गुठळी विरल्यानंतरही संध्याकाळी जड होतात, घोट्याजवळ कातडी काळवंडते, खाज येते. तिथे खाजवून जखम होऊ देऊ नका आणि पुढच्या भेटीत दाखवा. घेर मोजायची वही १२ आठवडे चालू ठेवा. नंतरही शेतात दिवसभर उभं राहायला किंवा दुकानाच्या गादीवर मांडी घालून बसायला सुरुवात कराल, तेव्हा पहिला आठवडा पुन्हा मोजा.